आजोबा बेल्जियन होते. त्यांना दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पदक मिळालं असं घरात सांगतात. नोंद कुठे शोधावी?

आधी एक गैरसमज दूर करतो. पदक ज्या देशाने दिलं, कागद बहुधा त्याच देशाकडे सापडतो. म्हणून सुरुवात ब्रसेल्सहून नको, लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातून करा. तिथली डब्ल्यूओ 373 (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, ब्रिटिश युद्ध खातं) ही कागदांची मालिका म्हणजे सैन्यातल्या शौर्यपदकांसाठीच्या शिफारशी. त्यात मित्रराष्ट्रांचे लोकही आहेत आणि नावाने ऑनलाइन शोधता येतं. शिफारस सापडली तर नुसतं पदकाचं नाव नाही, त्या दिवशी काय घडलं तेही वाचायला मिळतं. खरी मेजवानी तीच.

आजोबा वायुदलात असतील तर तिथलीच एअर 2 ही हवाई मंत्रालयाच्या फायलींची मालिका पाहा. ब्रसेल्समधल्या गेस्टापो कार्यालयावर जानेवारी 1943 मध्ये विमानातून गोळीबार करणारे जाँ द सेलीस लाँशाँ बेल्जियनच; त्यांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे वायुदलाचं शौर्यपदक मिळालं. आणि आजोबा गणवेशात नव्हतेच, भूमिगत काम करत होते, असं असेल तर वाट वेगळी. शत्रूच्या ताब्यातल्या भागात अडकलेल्या मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांना गुपचूप बाहेर काढणाऱ्या कॉमेट लाइन या जाळ्याच्या आंद्रे द याँग यांना जॉर्ज मेडल हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं होतं. अशा मदतनिसांच्या फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही आहेत.

आडनावाचा घोळ मात्र होणारच. ‘व्हान’, ‘द’ कधी जोडून, कधी सुटं लिहिलेलं असतं. यान नावाचा माणूस फ्रेंच कागदात जाँ होतो. सगळी रूपं टाकून पाहा. सेवाकाळ आणि तुकडी जुळवायला मग ब्रसेल्सच्या लष्करी संग्रहालयाला पत्र लिहा.