एन्झाइमचा लेप दिलेल्या नळीने लघवीची नळी तुंबणे थांबेल का?

दादरला घरी असलेल्या आपल्या वडिलांना लघवीसाठी बसवलेली नळी (कॅथेटर) वारंवार तुंबते, तर एन्झाइमचा लेप उपयोगी पडेल का, असे आपण विचारले आहे. यामागे बहुधा प्रोटिअस मिराबिलिस हा जीवाणू असतो. त्याचे युरिएज हे एन्झाइम लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करते, लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम व कॅल्शियमच्या फॉस्फेटचे स्फटिक नळीत साचत जातात. सेलोबायोज डिहायड्रोजनेज या एन्झाइमचा लेप जीवाणूंच्याच चिकट थरातील शर्करेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवून त्यांना रोखतो, पण हे काम प्रामुख्याने प्रयोगशाळेतले आहे. कृपया त्याची वाट पाहू नका. मुंबईच्या घामट उन्हाळ्यात, डॉक्टरांचे बंधन नसल्यास, पाणी आणि लिंबूपाणी भरपूर द्यावे, नळी किती दिवसांनी तुंबते याची नोंद ठेवून त्याआधीच ती बदलून घ्यावी, आणि ओटीपोट फुगले किंवा थंडी वाजून ताप आला तर सकाळपर्यंत थांबू नये.