पिकअप हवाय, पण कुठून सुरुवात करू?

प्रश्न: माझी स्विफ्ट 1.2 पेट्रोल मॅन्युअल आहे, खंबाटकी चढताना ओव्हरटेकला दम लागतो. फ्लायव्हील (इंजिनच्या शाफ्टवरची जड चकती) हलकं करू की फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाणारा शेवटचा गियर रेशो) बदलू?

उत्तर: आधी क्लच बघा हो! चौथ्या गियरला फुल ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम चढतो पण स्पीड चढत नाही, तर क्लच स्लिप होतोय, बाकी सगळा खर्च पाण्यात. क्लच ठीक असेल तर मी फायनल ड्राइव्हच म्हणेन, समजा 4.1 चा 4.5 केला की प्रत्येक गियरला चाकावर जवळपास 10 टक्के जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर), पण हायवेला इंजिन तेवढंच जास्त ओरडणार आणि मायलेज थोडं पडणार. हलक्या फ्लायव्हीलचा फायदा पहिल्या-दुसऱ्या गियरपुरता, शिवाय ट्रॅफिकमध्ये गाडी सारखी बंद पडू शकते. आणि ते जड 16 इंची अलॉय व्हील घातले असतील तर आधी काढा, जड चाकांनी पिकअप मरतो.