आकाशातून तेजस्वी गोळा तुकडे होत जवळजवळ मिनिटभर सरकताना दिसला. ती उल्का होती का?

बहुधा नाही; इतका वेळ दिसला असेल तर तो निकामी उपग्रहाचा किंवा रॉकेटचा वातावरणात जळणारा भाग असण्याची शक्यता जास्त. फरक वेगात आहे. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने आत शिरते, म्हणून मोठी असली तरी बहुतेकदा काही सेकंदांतच विझते. कक्षेतून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग ८ किलोमीटरच्या आसपास असतो आणि ती जवळजवळ आडवी येते. त्यामुळे तिचे तुकडे एकामागोमाग रांगेने, विमानासारखे सावकाश सरकताना दिसतात. रंगावर मात्र विसंबू नका, हिरवी-नारिंगी छटा दोन्हींत दिसू शकते.

अपवाद आहेत: १० ऑगस्ट १९७२ रोजी अमेरिका व कॅनडावरून वातावरणाला चाटून गेलेली उल्का सुमारे १०० सेकंद दिसत होती. म्हणून वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि काही मिनिटांनी गडगडाट ऐकू आला का, हे आजच लिहून ठेवा व आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या ऑनलाइन अर्जात भरा. वेगवेगळ्या ठिकाणच्या अशा नोंदी जुळवूनच मार्ग काढता येतो.