तीन जॉबशीट, दुखणं एकच

प्रश्न : इंदिरानगरला माझं घरगुती पाळणाघर आहे. मी आणि एक मदतनीस मावशी मिळून चालवतो, घर त्यावरच चालतं. पावसाळ्यात पोरांचे कपडे, दुपटी वाळत नाहीत म्हणून गेल्या जूनमध्ये ४६ हजारांचा इलेक्ट्रिक ड्रायर घेतला. वॉरंटी दोन वर्षांची. ऑगस्टमध्ये ड्रम फिरायचा, पण कपडे गारच. सर्व्हिस सेंटरचा माणूस थर्मल फ्यूज बदलून गेला. दिवाळीनंतर पुन्हा तेच, पुन्हा फ्यूज. आता मोटर नुसती घूं घूं करते, ड्रम हलत नाही आणि जळकट वास येतो. या वेळी जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) लिहिलंय, ‘व्होल्टेज कमी-जास्त व लिंट (कपड्यांतून सुटणारे तंतू) साफ न केल्याने मोटर खराब. कमर्शियल वापर. वॉरंटी लागू नाही.’ नव्या मोटरचे ११ हजार मागतात. पाळणाघरामुळे मी ग्राहक ठरत नाही का? जॉबशीटचे आणि मशीनचे फोटो सोबत पाठवते आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी त्या मशीनचा प्लग काढा आणि तो पुन्हा लावू नका. जळकट वास येत असताना ‘एकदा चालवून बघू’ म्हणणं पाळणाघरात तर अजिबात नको.

आता ‘कमर्शियल’ या शब्दाची भीती. त्या एका शब्दात कंपनीने दोन वेगळे मुद्दे कालवले आहेत. पहिला, तुम्ही कायद्याने ग्राहक आहात का? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नसतो हे खरं. पण केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारात स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्याच व्याख्येच्या स्पष्टीकरणाने व्यापारी हेतूतून बाहेर काढली आहे. शिवाय लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नर्सेसच्या वसतिगृहासाठी फ्लॅट घेणाऱ्या ट्रस्टलाही ग्राहक मानलं, कारण त्या खरेदीचा नफा कमावण्याशी थेट संबंध नव्हता. तुम्ही लोकांचे कपडे पैसे घेऊन वाळवून देत नाही. एक मदतनीस असल्याने स्वयंरोजगार संपत नाही. इथे तुमची बाजू भक्कम आहे.

दुसरा मुद्दा वॉरंटी कार्डावरच्या ‘फक्त घरगुती वापर’ या अटीचा. ती कराराची बाब आहे आणि इथे मी तितकं छातीठोक सांगणार नाही. कार्डावरचं बारीक अक्षर मला पाठवा. घेताना दुकानदाराला पाळणाघरासाठी हवाय असं सांगितलं होतं का? व्हॉट्सॲपवर तसा एखादा मेसेज सापडला तर सोन्याहून पिवळं.

पण तुमची केस खरी उभी राहणार आहे ती त्या तीन जॉबशीटवर. पहिल्या दोनवर ‘फ्यूज बदलला’, तिसऱ्यावर ‘मोटर खराब’. उद्या कंपनीचे वकील ग्राहक आयोगासमोर म्हणतील, हे वेगवेगळे बिघाड आहेत, आधीचे आम्ही फुकट दुरुस्त करून दिले. तुम्हाला दाखवायचंय की बिघाड पहिल्यापासून एकच आहे आणि तो कधी शोधलाच गेला नाही.

त्यासाठी मशीन थोडं समजून घ्या. थर्मल फ्यूज उडतो तो तापमानाने. एकदा उडाला की बदलावाच लागतो. काही महिन्यांत दोनदा उडाला याचा अर्थ आतली उष्णता मर्यादेबाहेर गेली. एक तर गरम हवा बाहेर पडत नव्हती, किंवा थर्मोस्टॅट हीटर वेळेवर बंद करत नव्हता. व्होल्टेज वाढलं तर हीटर जास्त तापतो, हे खरं आहे. व्होल्टेज दहा टक्के वाढलं की उष्णता एकवीस टक्के वाढते. पण मग थर्मोस्टॅट कशासाठी बसवलाय? नुसतं ‘व्होल्टेज’ लिहून सुटका होत नाही. तुमच्या जॉबशीटवर व्होल्टेजचा एकही आकडा नाही. त्या माणसाने मीटर लावला होता का, हा पहिला प्रश्न विचारा. त्या काळात घरातला फ्रिज, टीव्ही किंवा शेजाऱ्यांचं काही जळलं का, तेही आठवून लिहून ठेवा. महावितरणकडे पुरवठा तपासायचा अर्ज देऊन तक्रार क्रमांक घ्या.

हीटरचंही तसंच. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर चालत असेल तर त्याचा रोध (रेझिस्टन्स) साधारण २६ ओहम भरतो. तुमच्या मशीनच्या पाटीवर हीटरचे वॅट असतील, त्यावरून हिशेब करून हीटर ठीक आहे का ते मोजून ताडता येतं. दोनदा फ्यूज बदलताना हीटर किंवा थर्मोस्टॅट मोजल्याची नोंद कुठेही नाही. कारण न शोधता सुटा भाग बदलणं ही माझ्या मते सरळ सेवेतली त्रुटी आहे.

आता तुमचा चौथा फोटो. मशीनमागची रुपेरी नळी बाल्कनीच्या भिंतीला दाबून पार चपटी झालीय, आणि मशीन तिथे बसवलं कंपनीच्याच माणसाने. हवा तिथे अडली तर लिंट आत साचणार, उष्णता कोंडणार, फ्यूज उडणार. बऱ्याच ड्रायरमध्ये ड्रम आणि हवेचा पंखा एकाच मोटरवर चालतात. तुमचाही तसाच असेल तर मोटर सुरुवातीपासून मंद असली तरी हवा कमी पडते आणि तोच परिणाम होतो. म्हणजे दोष मोटरमध्ये असो की बसवण्यात, बोट कंपनीकडेच जातं. मशीन जागचं हलवण्याआधी त्या नळीचे आणखी फोटो काढा, शेजारी पट्टी धरून. इन्स्टॉलेशनच्या दिवशीचा कागद शोधा.

तुमची कच्ची बाजूही सांगतो. लिंटची जाळी प्रत्येक वेळी साफ करा असं अशा मशीनच्या पुस्तिकेत बहुधा असतंच. तुम्ही करत होतात का? करत नसाल तर प्रतिज्ञापत्रात ‘नियमित साफ केली’ असं लिहू नका. उलटतपासणीच्या प्रश्नावलीत मावशींचं एखादं उत्तर वेगळं आलं की बाकीचा खरा पुरावाही संशयात जातो.

बाहेरचा मेकॅनिक बोलावून मशीन उघडू नका. सील तुटलं की कंपनीला आयतं कोलीत मिळतं. आधी कंपनी, दुकानदार आणि सर्व्हिस सेंटर अशा तिघांना ईमेल आणि स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. मोजमापांचे आकडे, बदललेले जुने फ्यूज आणि तुमच्या माणसासमोर संयुक्त तपासणी, एवढं मागा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. मशीन वर्कशॉपला न्यायचं म्हणाले तर लेखी पोच आणि मशीनच्या सध्याच्या स्थितीचा व्हिडिओ असल्याशिवाय देऊ नका. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग कलम ३८ खाली वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागते, पण मोटरच्या वादात तो खर्च करण्यासारखा आहे.

मुदतीत दाद मिळाली नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथे दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते आणि वकील सक्तीचा नाही (हे मी स्वतः वकील असून सांगतोय!). तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची आहे, पण पहिला बिघाड ऑगस्टचा आहे हे ध्यानात ठेवून उगाच थांबू नका. मागणी आटोपशीर ठेवा : मशीन बदलून किंवा ४६ हजार व्याजासह परत, या काळातला लाँड्रीचा खर्च, मानसिक त्रासाची वाजवी रक्कम आणि तक्रारीचा खर्च. लाँड्रीवाला पावती देत नसेल तर त्याला दिलेल्या यूपीआयच्या नोंदी जोडा. मानसिक त्रासाचे दोन लाख मागणारी तक्रार पाहिली की समोरच्याला हसू येतं आणि आयोगाला कंटाळा.

शेवटचं, ओटीपीबद्दल. प्रत्येक भेटीनंतर त्या माणसाने तुमच्याकडून ओटीपी घेऊन तक्रार बंद केली असणार, आणि कंपनी तेच ‘ग्राहकाचं समाधान’ म्हणून पुढे करील. पुढच्या भेटीत ओल्या चादरींचा एक पूर्ण घाणा वाळून बाहेर येईपर्यंत ओटीपी सांगू नका. तो घाईत असेल, ‘पुढचा कॉल आहे मॅडम’ म्हणेल. त्याला चहा द्या, ओटीपी नको.