पेशंट नाही, मग गटारात पोलिओ कशाला शोधायचा?

प्रश्न: माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, पोलिओचं इंजेक्शन आणि थेंब सगळं वेळेवर झालंय. तरी पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बोलावतातच. देशात 2011 नंतर पोलिओ नाही म्हणतात, पण मुंबईत अजून गटाराचं पाणी तपासतात असं वाचलं. पेशंटच नाही तर शोधतात काय? आणि इंजेक्शन झालेल्या पोराला परत थेंब कशाला?
– एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, पोलिओत पेशंट दिसत नाही म्हणजे व्हायरस नाही असं धरून चालत नाही, सगळी गोम तिथेच आहे. साधारण 200 जणांना लागण झाली तर एखाद्यालाच कायमचा लुळेपणा येतो, बाकीच्यांना थोडा ताप नाहीतर काहीच नाही, पण व्हायरस त्यांच्या आतड्यात वाढत असतो आणि शीतून कित्येक आठवडे बाहेर पडतो. म्हणजे एका मुलाचा पाय लुळा पडलेला दिसतो तोवर व्हायरस कितीतरी घरं फिरून आलेला असतो. गटार मात्र सगळ्यांचं एकच, तिथे तो आधी सापडतो.

देशात ही तपासणी पहिल्यांदा मुंबईतच सुरू झाली, 2001 साली. सकाळी लोकांची संडासला जायची वेळ असते तेव्हाच मैलापाणी काढतात, बाटली बर्फाच्या डब्यातून परळच्या लॅबमध्ये जाते. तिथे व्हायरस थोडक्या पाण्यात गोळा करून लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर सोडतात, त्यातल्या एका प्रकारच्या पेशी उंदराच्या असतात पण पोलिओ ज्या दारातून माणसाच्या पेशीत शिरतो ते दार त्यांना मुद्दाम बसवलेलं असतं. मायक्रोस्कोपखाली धडधाकट पेशी फ्लास्कच्या तळाला छान पसरून चिकटलेल्या दिसतात, आणि व्हायरस असला की काही दिवसांत त्याच गोल होतात, तळ सोडतात आणि पाण्यात तरंगायला लागतात. मग जीन वाचून ठरवतात हा जंगली म्हणजे मूळचा रोगाचा, थेंबांच्या लसीतला जिवंत पण कमजोर केलेला, की त्या लसीतल्यापासून बदललेला. जंगली पोलिओची आपली शेवटची केस 13 जानेवारी 2011 ची, हावड्याची, आणि मुंबईच्या गटारात तो शेवटचा सापडला नोव्हेंबर 2010 मध्ये. तेव्हापासून गटारात जंगली पोलिओ नाही हे दर वेळी तपासूनच सांगावं लागतं, त्या लॅबमधल्या लोकांबद्दल मला फार आदर आहे.

आता इंजेक्शनचं. इंजेक्शनने रक्तात अँटिबॉडी तयार होतात, त्या व्हायरसला नसांपर्यंत जाऊ देत नाहीत, म्हणून तुमचं पोर लुळं पडत नाही. पण आतड्यात तो वाढू शकतो. तिथला पहारा थेंबांनी जास्त चांगला बसतो, कारण थेंब त्याच वाटेने जातात. इस्रायलमध्ये 2005 पासून फक्त इंजेक्शन देत होते, 2013 मध्ये तिथल्या राहात गावच्या सांडपाण्यात जंगली पोलिओ सापडला. लुळं पडलेलं एकही मूल नव्हतं, तरी व्हायरस पोरांच्या पोटातून फिरत होता, मग त्यांनी लाखो मुलांना परत थेंब पाजले आणि तो थांबला. गटार तपासलं नसतं तर कळलंच नसतं ना!

तेव्हा रविवारी बिनधास्त न्या, आधीचे डोस झाले असले तरी जास्तीच्या थेंबांनी त्रास होत नाही. फक्त घरात कुणाची प्रतिकारशक्ती जन्मापासून कमी असेल किंवा केमो चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पोराचे डायपर बदलल्यावर साबणाने हात धुवा, थेंबांतला व्हायरसही काही आठवडे शीतून येत राहतो.