हेन्री कॉनीबेअर नक्की आर्किटेक्ट होता की इंजिनिअर?

विचारलंय असं: कुलाब्याचं अफगाण चर्च ज्याने डिझाइन केलं त्या हेन्री कॉनीबेअरचं आयुष्य आणि काम थोडक्यात सांगा. तो आर्किटेक्ट होता की इंजिनिअर?

इंजिनिअर. थोडक्यात एवढंच. पण नेमक्या याच मुद्द्यावर माझं आणि मेहुण्याचं कित्येक वर्षं वाजतंय, तेव्हा जरा लांबण लागणार.

मी सिव्हिलवाला. गावी भैरोबाच्या देवळाला सभामंडप बांधायचं ठरलं, तेव्हा सगळे म्हणाले, घरचा इंजिनिअर असताना बाहेर कशाला पैसे घालायचे? मी तीन रात्री जागून ड्रॉइंग काढलं. आठ कॉलम, वर सपाट स्लॅब, चारी बाजूंनी तीन फुटी पॅरापेट, म्हणजे कठडा. सेंट्रिंग काढल्यावर मंडप देवळाच्या अंगावर आल्यासारखा दिसत होता, हे मलाही कळलं होतं, खोटं कशाला बोलू. पण लोक खूश होते. उद्घाटनाला बायकोचा धाकटा भाऊ आला. तो पुण्यात आर्किटेक्ट. महाप्रसादाच्या पंगतीत, आमटीवाला समोर उभा असताना मोठ्याने म्हणाला, "भावोजी, सगळं झकास झालंय. फक्त पाणी कुठून चढवणार?"

अख्खी पंगत हसली. तेव्हापासून गावात सभामंडपाला टाकी म्हणतात. "आज टाकीत कीर्तन आहे," असं माझी चुलती मला फोनवर अगदी सहज सांगते. आणि इंजिनिअरने देवळाला हात लावू नये, हे मेहुण्याचं मत मी प्रत्येक दिवाळीला ऐकतो.

पुढे एकदा त्यानेच मला अफगाण चर्च दाखवायला नेलं. टोकदार कमानी दाखवल्या, रंगीत काचा दाखवल्या, बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा असतात त्या दाखवल्या. "याला म्हणतात आर्किटेक्ट," म्हणाला. घरी येऊन मी त्या माणसाबद्दल वाचत बसलो आणि रात्री बारा वाजता मेहुण्याला उठवलं.

कॉनीबेअरचा जन्म 1823 चा. बाप विल्यम कॉनीबेअर, म्हणजे प्लेसिओसॉर या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या जीवाश्मांवर काम केलेला भूवैज्ञानिक, आणि वर वेल्समधल्या लँडॅफ कॅथीड्रलचा डीन. म्हणजे घरात दगड आणि चर्च दोन्ही. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ चर्च बांधायचं ठरलं, तेव्हा आधी ऑक्सफर्डहून आराखडा आला होता. तो खर्चाला झेपेना. मग मुंबईत शहराची कामं बघणाऱ्या या पोराचं डिझाइन घेतलं. 1847 च्या डिसेंबरात पाया घातला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. चर्चचं अर्पण 1858 च्या जानेवारीत झालं.

आता खरी गंमत. मधल्या काळात मुंबईत पाण्याची बोंब होती. 1854 चा उन्हाळा तर इतका वाईट गेला की बाहेरून पाणी आणावं लागलं. तेव्हा मिठी नदीच्या खोऱ्यात, विहारला धरण बांधून नळाने पाणी शहरात आणायची योजना कोणी आखली? याच कॉनीबेअरने! 1856 ला काम सुरू, 1860 ला पाणी आलं, तेही पंपाशिवाय, निव्वळ उताराने. मेहुण्याला म्हटलं, "घे, कळलं पाणी कुठून चढवतात?"

तो म्हणाला, "आतली सजावट बटरफील्डची आहे, भावोजी. तो आर्किटेक्ट होता." आणि फोन ठेवला.

हे मात्र खरं. फरशी, जाळीचा पडदा, वेदीमागचं काम विल्यम बटरफील्डच्या डिझाइनचं, काचा विल्यम वेल्सच्या. पण बटरफील्ड इथे आलाच नव्हता, डिझाइनं तिकडून धाडली. कुलाब्यात उभं राहून दगड रचून घेणं वेगळं.

विलायतेत परतल्यावरही कॉनीबेअरचा मूळ धंदा सुटला नाही. वेल्सच्या डोंगरातून जाणाऱ्या ब्रेकन-मर्थर रेल्वेचा तो इंजिनिअर होता. त्याच सुमारास, 1866 ला, हॅम्पशायरमधल्या इचेन स्टोक गावात त्याने आणखी एक चर्च बांधलं. तिथला पाद्री त्याचा सख्खा भाऊ, आणि नमुना पॅरिसच्या सँत-शापेल या जुन्या चर्चचा. घरचाच इंजिनिअर असताना बाहेर कशाला पैसे घालायचे, हे त्याच्याही घरी कोणी म्हटलं असणार, अशी माझी खात्री आहे.

तुम्ही आर्किटेक्चरला असाल तर असाइनमेंटमध्ये आधी 'इंजिनिअर' लिहा, मग बाकीचं. मास्तरांनी मार्क कापले तर विहारचं नाव सांगा. एक मात्र सांभाळा: लांबून दिसतो तो साठेक मीटरचा मनोरा 1865 ला पुरा झाला. कावसजी जहांगीरांनी त्यासाठी पैसे दिले होते, आणि कॉनीबेअर तेव्हा इथे नव्हता. मनोऱ्याचं सगळं श्रेय त्याच्या नावावर टाकू नका. मी टाकलं होतं, त्याच फोनवर. मेहुण्याने ते दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मेसेज करून कळवलं.

त्याच्या बंगल्याची गच्ची परवाच्या पावसात गळली, तेव्हा फोन मलाच आला. आमची टाकी अजून एक थेंब गळलेली नाही.