भाषेची ‘जननी’ आणि भाषेचं ‘कुल’

प्रश्न असा आहे : मराठीत फारसी आणि कन्नड शब्द भरपूर असताना संस्कृतला तिची ‘जननी’ का म्हणायचं? ‘भाषाकुल’ वगैरे शब्द शास्त्रीय आहेत की नुसते अलंकार? आणि ‘नैसर्गिक निवड’, ‘अवशिष्ट अवयव’ अशा जीवशास्त्रातल्या उपमा भाषेला कितपत लागू पडतात?

‘कुल’ शास्त्रीय आहे, ‘जननी’ अलंकारच. मराठी ज्यांतून आली त्या प्राकृत भाषांचं मूळ वैदिक काळच्या बोलींत आहे. व्याकरणात बांधलेलं अभिजात संस्कृत ही त्यांची थेट आई नव्हे. शिवाय भाषा एका दिवशी जन्मत नाही. पिढ्यानपिढ्या बदलत गेलेल्या बोलीला आपण मागाहून वेगळं नाव देतो.

कुल, म्हणजे एका मुळातून निघालेल्या भाषांचा गट, सिद्ध होतं ते ध्वनिबदलाच्या नियमितपणावरून. सप्त–सत्त–सात, कर्ण–कण्ण–कान, दुग्ध–दुद्ध–दूध : आधी जोडाक्षराचं द्वित्त (एकाच व्यंजनाची जोडी, जसं ‘त्त’) झालं, मग द्वित्तातलं एक व्यंजन गळून आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला. पंजाबी ‘सत्त’, ‘हत्थ’ (मूळ ‘हस्त’) या टप्प्यावरच राहिली. हिंदी ‘हाथ’पर्यंत आली, मराठीनं पुढे महाप्राणही (‘थ’मधला ‘ह’कार) सोडून ‘हात’ केला. जर्मन भाषाशास्त्रज्ञ आउगुस्ट श्लायशरनं एकोणिसाव्या शतकात भाषांचा वंशवृक्ष काढला तो अशाच पुराव्यावर.

घोटाळा होतो तो उसनवारीमुळे. ‘काम’ वारशानं आलं, पण ‘कर्म’ नंतर ग्रंथांतून पुन्हा उचललेलं आहे. जिवाणू शेजाऱ्याकडून जनुक घेतात, तसंच हे. त्यामुळे नातं तपासताना तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले, शब्द आधी बाजूला काढावेत. नात्यांच्या शब्दांवरही डोळे झाकून विसंबू नये, अण्णा-अक्का द्राविडी आहेत. संख्यांत ‘हजार’ फारसी निघतो. लहान अंक आणि प्रत्यय हाच त्यातल्या त्यात भरवशाचा पुरावा. वृक्षात ही देवघेव दाखवता येत नाही, म्हणून श्लायशरचाच विद्यार्थी योहानेस श्मिट यानं 1872 मध्ये लाटांचं चित्र मांडलं : बदल एका ठिकाणी उठतो आणि शेजारच्या बोलींत पसरत जातो.

‘नैसर्गिक निवड’ मात्र जपून वापरावी. ‘हात’ हा ‘हस्त’पेक्षा जगायला जास्त लायक नाही. ध्वनिबदलांना जनुकीय विचलनाची, म्हणजे योगायोगानं होणाऱ्या बदलाची उपमा अधिक शोभते.

अवशिष्ट अवयवाची, म्हणजे मूळचं काम संपूनही शरीरात उरलेल्या अवयवाची उपमा मला फार आवडते, पण तीही अर्धीच लागू पडते. जुन्या सप्तमीचा ‘-ई’ आज घरी, दारी, सकाळी अशा मोजक्या शब्दांत उरला आहे. ‘कपाटी’ किंवा ‘टेबली’ कुणी म्हणत नाही. तरी तो निकामी झालेला नाही. अंगणात बसलेला माणूस ‘घरी’ असतो, ‘घरात’ नसतो.